पहिली लाईन चेअरमनची

प्रिय आक्का,

तू होतीस तेव्हा तुला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. लिहिणार कशाला? तुझं सासर गावातच, घर हाकेच्या अंतरावर. पण उद्या अकरा वाजता आपल्या वीज संस्थेची वार्षिक सभा आहे, चेअरमन मी आहे आणि मला त्या सभेची धास्ती बसलीय. तुझ्या भावजयीला सांगायला गेलो तर म्हणाली, "तुमचं रोजचंच हाय." म्हणून संस्थेच्या खोलीत येऊन बसलोय. तुझ्या खुर्चीत अजून बसवत नाही, शेजारचं स्टूल घेतलंय.

तुझ्यानंतर मला बिनविरोध निवडलं, ते काय माझ्या कर्तबगारीवर? "आक्काचा भाऊ हाय, तिच्या हाताखाली तयार झालाय," एवढंच. शाळेत कारकुनी करून रिटायर झालेला माणूस मी. साहेबांनी आवाज दिला तरी घाम फुटायचा. तू म्हणायचीस, "बाळ्या, तुला साप दिसायच्या आधीच इख चढतंय." खरंच होतं गं ते.

संस्था उभी राहिली तेव्हाची भांडणं आठवतात का तुला? वीज सगळी एकाच डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर यायची आणि तिथून आपण तीन लाईनींनी वाटायची. आपली वरची वाडी, बंगल्यांचा रस्ता आणि कातकरवस्ती. लोड चढला की डीपी जळू नये म्हणून एक लाईन बंद करावीच लागायची. कुणाची, यावरून पहिल्याच वर्षी काठ्या निघाल्या होत्या. तू सभेत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चेअरमन ज्या वाडीचा, तिची लाईन पैली बंद. ज्याला चेअरमन व्हायचंय त्यानं उकाड्यात बसायची तयारी ठिवावी." भांडण तिथंच मिटलं. चेअरमनकीला इच्छुक होते तेही निम्मे झाले, ती गोष्ट वेगळी.

आणि तुझा तो शेवटचा उन्हाळा. तू अंथरुणाला खिळलेली, अंगाची नुसती लाही. मी तुला न सांगता किसना वायरमनला जाऊन सांगितलं होतं की आपली लाईन चालू ठेव. तर तू डोळे मिटूनच विचारलंस, "बाळ्या, दुपारच्याला पंखा कसा काय फिरतुया?" मग तूच म्हणालीस, "मी आजारी हाय, चेअरमनकी आजारी न्हाई. बंद करायला सांग." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी संस्थेच्या जुन्या अहवालाने तुला वारा घातला. फार राग आला होता मला तुझा. नियमासाठी माणसानं इतकं कठोर व्हावं का? थोडा राग अजूनही आहे.

आता खरं ते लिहितो. एप्रिलमध्ये आपल्या पिंकीचा साखरपुडा झाला. सोयरे मारुंजीचे. खोल्या भाड्यानं देऊन गब्बर झालेली माणसं, घरात लिफ्ट आहे म्हणे. भर दुपारी दारात मंडप, चार कूलर, माईक, फोटोवाल्याचे दिवे. नेमका किसनाचा फोन आला. "चेअरमन, डीपी तापलीया. आपली बंद करतोय." मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या आधीच पदरानं वारा घेत होत्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज आपली राहू दे. वस्तीची कर." किसनानं परत विचारलं, "वस्तीची?" मग म्हणाला, "बरं."

वस्तीचं पाणी मोटरीवर चढतं, हे मला माहीत नव्हतं का? त्या दिवशी तिथल्या बाया भर उन्हात हंडे घेऊन ओढ्याला गेल्या. आणि आपला माईक तर पार वस्तीपर्यंत ऐकू जात होता. कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला साडी, एकेक नाव पुकारत होतो आम्ही. म्हणजे लाईट कुठं गेली आणि कुठं होती, हे कुणाला विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

पुढच्या बैठकीला वस्तीची संचालक चंदाबाई आली. मी शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाळूदादा, पोरीचं कार्य नीट झालं ना? मंग बरं झालं." बस, एवढंच. आक्का, तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर मी चार दिवसांत विसरलो असतो. आता वस्तीवरून जायचं म्हटलं की मी गाडी दुसऱ्या रस्त्यानं घेतो.

उद्याचं ऐक. बंगल्यांच्या रस्त्याचे संचालक पाटणकरसाहेब ठराव आणतायत. माणूस वाईट नाही. शनिवारी पुण्याहून येतो, आपल्याकडून हक्कानं फणस मागून नेतो. त्यांचं म्हणणं असं, की बंगलेवाले स्वखर्चानं मोठी डीपी बसवून देतील. बदल्यात त्यांची लाईन कधीही बंद करायची नाही आणि तुझा नियम काढून टाकायचा. मोठ्या डीपीवरही लोड चढलाच तर राहिलेल्या दोनपैकी कुठली बंद करायची, ते चेअरमननं त्या त्या वेळी ठरवावं. "नाहीतरी तो नियम आता कोण पाळतंय?" असं ते बैठकीत हसत हसत म्हणाले. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे कान मात्र तापले.

मोठी डीपी हवी आहे गं, ते कसं नाकारू? निम्मे सभासद तयारच आहेत. पण "चेअरमननं ठरवावं" म्हणजे काय होणार, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? दर वेळी कुणाच्या तरी घरी साखरपुडा असणारच. आणि दर वेळी बाया ओढ्याला जाणार. मी विरोध करायला उठलो आणि कुणी विचारलं, "चेअरमन, साखरपुड्याच्या दिवशी कुणाची लाईन बंद होती?" तर मी काय सांगू? हाच एक प्रश्न महिनाभर मला खातोय. जेवणावरची वासना उडालीय.

इथपर्यंत लिहिलं आणि किसनाचा फोन आला. आज शनिवार, ऊन कडक, बंगले सगळे भरलेले. "चेअरमन, लोड चढलाय. कुटली बंद करू?"

आक्का, तुला त्यानं कधी असं विचारलं होतं का? तुला तो नुसतं कळवायचा. मलाही आधी कळवायचाच. साखरपुड्यापासून विचारायला लागलाय, आणि ते माझ्या आज ध्यानात आलं.

"आपली," मी म्हणालो. पंखा थांबला. तुझ्या खुर्चीवर ठेवलेले ठरावाचे कागद फडफडत होते, तेही गप्प झाले. आता घामानं बोटं कागदाला चिकटतायत.

उद्या मला कुणी विचारायच्या आधीच मी सांगणार आहे. सभा सुरू झाली की पहिलं तेच. सगळ्यांसमोर चंदाबाईची माफी मागणार. मग पाटणकरसाहेबांना म्हणणार, डीपी आनंदानं द्या, पण नियमाला हात लावू नका. लोकांनी चेअरमनकीवरून उतरवलं तर उतरवू देत. तुझी भावजय तर देवापुढं साखर ठेवेल, उन्हाळ्यात पंखा तरी फिरेल म्हणून.

पण ठेवलंच, तर तुला एक शब्द देतो. लोड चढल्यावर "कुठली बंद करू" म्हणून किसनाचा फोन मला पुन्हा येणार नाही.

तुझा घाबरट,
बाळ्या