ठेच खाणारा फोन

२८ मार्च
आजही फोनवरच्या बंदुकीच्या खेळात मीच आधी मेलो, असं तिघांचं म्हणणं. खरं काय घडलं ते इथं लिहून ठेवतो. विरू उघड्यावर पळत गेला, त्याला वाचवायला मी गेलो आणि माझा फोन अडकला. फोन अडकला तेवढं सगळ्यांना दिसलं. विरू रस्त्याच्या मधोमध म्हशीसारखा उभा होता, ते कोणाला दिसलं नाही. त्याच्या नव्या फोनात गवताचं पातं न् पातं हलतं म्हणे. गवत बघत बसला असेल.

अरबाज आमचा कप्तान. बस स्टँडसमोर मोबाईल कव्हरचा गाडा लावतो. खेळ संपल्यावर म्हणाला, "मास्तर, डब्बा बदल, नाहीतर मानूस बदलावा लागंल."

मला मास्तर म्हणतात, कारण ग्रुपवर मी शुद्ध लिहितो. उदगीरात मास्तर व्हायला एवढं पुरतं.

डब्बा म्हणजे माझा जुना फोन. माणूस बदलायचा म्हणजे विरूचा लातूरचा मावसभाऊ घ्यायचा. पुढच्या महिनाअखेरीस लातूरच्या मंगल कार्यालयात स्पर्धा आहे, चौघाचौघांची. चौथी जागा माझी. अजून तरी.

३० मार्च
"जुना फोन नव्यासारखा पळवा" असले व्हिडिओ पाहिले. सांगणाऱ्या प्रत्येकाच्या हातात नवा फोन. एकाचं ऐकून बूस्टर नावाचं ॲप टाकलं. त्यात रॉकेट उडतं. रॉकेट उडवण्यातच फोनचा जीव गेला. काढून टाकलं.

स्वतः करून पाहिलेलं : चित्र सगळ्यात हलकं. सावल्या बंद. मागचं कव्हर काढायचं. चार्जिंगला लावून खेळायचं नाही. बसण्याआधी फोन एकदा बंद-चालू. यात रॉकेट कुठेही नाही, म्हणून कोणी व्हिडिओ करत नसावं.

सगळ्यात मोठी अडचण, आई. घरात फोन एकच, तिच्या बचत गटाचा ग्रुप त्यावरच. बाया सकाळपासून गुलाब टाकतात. गुलाबाखाली सुविचार. सगळे पुसले.
"माझे फोटू कामून पुसलास रे?"
"जागा नव्हती."
"तुझ्या बंदुकीला जागा हाय, माझ्या फुलाला न्हाई?"

२ एप्रिल
कूलरसमोर बसून खेळलो. फोन अगदी गार. मग स्क्रीनवर बोट न लावता बोट लागायला लागलं. माझा माणूस आपोआप बसतो, उठतो, भिंतीवर गोळ्या घालतो. कूलरची सगळी दमट हवा आत. मूर्ख मी, दुसरा कोणी नाही.
फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. आईनं झाकण उघडून पाहिलं, म्हणाली, "ह्याचा भात करायचा का खिचडी?"

३ एप्रिल
फोन वाचला.

५ एप्रिल
हे नीट लिहायला हवं.
खेळातल्या एका दुमजली घरात वर बसलो होतो. खिडकीतून काही दिसत नाही, आवाज नाही. फोननं एकदम ठेच खाल्ली, म्हणजे क्षणभर थांबून पुढे गेला. मग जिन्यावर पाय वाजले. पुढच्या डावातही तसंच. ठेच, आणि थोड्या वेळानं माणूस.

माझा अंदाज : नवा माणूस जवळ आला की त्याचे कपडे, बंदूक, टोपी सगळ्याचं चित्र फोनला काढावं लागतं. माझ्या फोनला तेवढ्यानं धाप लागते. विरूच्या फोनला लागत नाही. त्यामुळे त्याला कळतही नाही.

मी म्हणालो, "कोणीतरी आलंय."
विरू म्हणाला, "कुठंय? मला तर सगळं क्लिअर दिसून राहिलं."
क्लिअर दिसता दिसता मागून मेला.

७ एप्रिल
सांगितलं तिघांना. सांगायला नको होतं.
अरबाज : "मतलब तेरे डब्बे के अंगात येतं क्या?"
विरू अजून हसतोय. त्याला विनोद कळायला एरवी वेळ लागतो, आज लगेच कळला.
सुमेध तेवढा हसला नाही. तो पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे पळतो, बोलतो कमी. म्हणाला, "उद्यापास्नं ठेच लागली की बोलत जा. खरं-खोटं कळंल."

९ एप्रिल
बोलत गेलो. सुमेध माझ्या बोलण्यावर वळला, दोनदा वाचला. अरबाज गप्प. हा माणूस गप्प बसतो तेव्हा त्याला पटलेलं असतं, हे मी आता ओळखतो.

१० एप्रिल
ठेच लागली. मी म्हणालो, आलंय. चौघंही गवतात आडवे. कोणी येईना. बराच वेळ पडून राहिलो. तेवढ्यात खेळाचं मैदान आवळत येणाऱ्या वर्तुळानं आम्हाला गाठलं आणि आडव्या आडव्याच मेलो.
मग पाहिलं. आईच्या गटात कोणीतरी वाळत घातलेल्या पापडांचा फोटो टाकला होता. धाप त्याची होती.
विरू : "पापड आले बे मास्तर. पापडाला गोळ्या घाल."
सुमेधसुद्धा हसला.

घरी येऊन आईच्या ग्रुपचं इंटरनेटच बंद करून टाकलं. आता ठेच लागली तर खेळातलीच लागेल.

१३ एप्रिल
आईला गटाच्या बैठकीचा निरोप मिळाला नाही. बैठक सुनंदाबाईंच्या घरी हलवली होती. ही इकडे नेहमीच्या देवळात एकटी बसून आली. घरी येऊन भांडली नाही, पाणी प्यायली. मग म्हणाली, "परत बंद केलास तर माझी शपथ हाय तुला."
शपथ, पापड, गुलाब. ह्या घरात आधुनिक काही असेल तर तो फक्त मी आणि तो फोन, आणि तोही धापा टाकतो.
चालू केलं. शपथ घातली आहे म्हटल्यावर काय करणार.

१५ एप्रिल
विरूच्या वडिलांच्या आडतीच्या माळ्यावर सराव. खाली हरभऱ्याची पोती, वर आम्ही. विरूनं मोठेपणा केला. स्वतःचा फोन माझ्या हातात दिला, "हे घे, लातूरला ह्याच्यावर खेळ. मी दादाचा घेतो."
कप्तानाचंही तेच. "डब्बा लेके गए तो लोगां हसतील, मास्तर."

खेळलो. कुठं अडकणं नाही, धाप नाही, सगळं तुपासारखं. सावल्या सुंदर. झाडांवर ऊन पडलेलं. प्रत्येक डावात सगळ्यांत आधी मी मेलो. माणूस मागे येऊन उभा राहतो आणि मला कोणी सांगत नाही. शेवटच्या डावात तर मी गवत बघत होतो. पातं न् पातं हलतं, हे खरं आहे.
स्वतःची एवढी किळस कूलरच्या दिवशीही आली नव्हती.

अरबाज निघताना म्हणाला, "तो डब्बे पे बी नक्को, इस पे बी नक्को. अब तूच बोल."

१८ एप्रिल
दुकानात विरू आला. मी फ्लेक्सच्या दुकानात काम करतो, हे त्याला माहीत आहे. उदगीरात दुसरंही दुकान आहे, तिकडे जाऊ शकला असता. नाही गेला. आमच्या संघाचा फ्लेक्स, वर त्याच्या वडिलांचा हात जोडलेला फोटो, खाली चार गोल, गोलात चार चेहरे. चौथा मावसभावाचा. गॉगल घातलेला.

मजकूर कागदावर लिहून आणला होता. "हार्दीक शुभेच्या". दोन्ही शब्द नीट केले. मावसभावाच्या चेहऱ्याची कड सफाईनं कापली, कानाजवळचे केससुद्धा. काम ते काम.
विरू स्टुलावर बसून स्वतःच्या चपलेकडे बघत होता. "बाबांनी दिला फोटू. मी न्हाई."
"अरबाजला माहीत आहे?"
"न्हाई अजून."
"छापू का?"
त्यानं मजकुराचा कागद घडी करून खिशात घातला. "थांब. इचारतो." आणि गेला.

शेठ म्हणाले, "अर्धी गिऱ्हाइकं इचारतो म्हणूनच जातात." फाईल तशीच ठेवली आहे. दिवसभर उघडून चौथ्या गोलाकडे बघितलं. गॉगल अगदी स्वस्तातला आहे.

२१ एप्रिल
सुमेधनं विषय काढला. चहाच्या टपरीवर, अरबाजसमोर. "लोकं हसले तं हसू दे. मला याची ठेच पायजे."
अरबाज : "और पापड आया तो?"
सुमेधनं आणखी एक चहा सांगितला.
ठरलं असं की लातूरला आम्हा दोघांनाही संघात ठेवायचं, मला आणि मावसभावाला. सकाळी मावसभाऊ. दुपारचं तिथंच बघू. स्पर्धेत पाचवा माणूस चालतो.
म्हणजे मी पाचवा. डबा घेऊन जाणारा.

२५ एप्रिल
उद्या लातूर. फोन पूर्ण भरून बंद केला. मऊ फडक्यात गुंडाळला. दुसरं फडकं वेगळं, पाठीमागून पुसायला. कोरडं. ओलं नाही.
आईनं विचारलं, "उद्या किती वाजता हाय तुझं युद्ध?"
"दिवसभर."
"दिवसभर म्हंजे कधीपास्नं?"
सांगितलं. तिला काय करायचं होतं कोण जाणे.

२६ एप्रिल, लातूर
जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. पत्र्याचा हॉल, मोठे पंखे, गरम वारा. समोर लग्नाचं स्टेज, त्यावर संयोजकांची खुर्ची सोफ्यासारखी. सूचनांच्या फलकावर तीन चुका. मोजायच्या नव्हत्या, मोजल्या गेल्या.

मावसभाऊ सकाळी खेळला. गॉगल काढून. वाईट नाही, हे लिहायला हवं. पण एकदाही मागे बघितलं नाही त्यानं. बघायला त्याला कोणी सांगितलंच नाही. सुमेध एकटा उरला आणि लपत लपत आम्हाला कसंबसं पुढे घेऊन आला.

अरबाज आत्ता येऊन गेला. हातात अर्धी भाकरी, दुसरी अर्धी तोंडात ठेवूनच बोलला. "मास्तर, दुपार को तू बैठ. डब्बा लेके." मग थांबून, "पापड नक्को हां."

तेच तर माझ्या हातात नाही. शपथ आहे. नेट बंद करता येत नाही आणि रविवारची दुपार म्हणजे बायांना मोकळा वेळ. गुलाब, पापड, नातवांचे वाढदिवस. ठेच लागली आणि मी आलंय म्हणालो आणि कोणी नसलं तर लातूरच्या हॉलभर चौघं आडवे.

फोन चालू केला. सकाळपासूनचं सगळं आधीच येऊन जाऊ दे, म्हणजे खेळताना कमी येईल. ग्रुप उघडला.
एक गुलाब नाही.
सकाळी लवकर सुनंदाबाईंचा एकच निरोप : "आज कोनी काय टाकू नये रुक्मिनच्या पोराचं मॅच हाय." रुक्मिण म्हणजे आई. खाली कोणाचं उत्तर नाही, अंगठासुद्धा नाही. एरवी सुप्रभातला अंगठे दाखवणाऱ्या बाया, आणि सकाळपासून गप्प.
कोनी नाही, कोणी. रुक्मिन नाही, रुक्मिण. असू दे.

म्हणजे आता ठेच लागली तर ती खरीच. कोणावर ढकलता येणार नाही.
अरबाज लांबून हात करतोय. मावसभाऊ माझ्या फोनकडे बघून विरूच्या कानात काहीतरी बोलला, विरू हसला नाही.
फोन थोडा गरम आहे. कव्हर काढलं. कोरड्या फडक्यानं पुसला. बसतो.