एकच टक

२ मार्च

ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र काळजीचं आहे. सोळा तारखेला निवड चाचणी, आणि वयाच्या अटीमुळे माझी ही शेवटची. तुम्ही मागच्या महिन्यात धनुष्यावरच्या रेस्टला नवी स्प्रिंग घालून दिल्यापासून बाण शेपूट उडवत जातो. पन्नास मीटरवर कधी आठ गुण, कधी सहा. सर म्हणतात, तुझ्या घड्याळजी मामांनी केलेला रेस्ट काढून विकतचा लाव. त्यांच्याशी मी भांडून आले, पण रात्रीची झोप उडाली आहे. चूक माझ्या हाताची का?

तुमची लाडकी,
भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

नाचता येईना अंगण वाकडं. मूठ सैल ठेव आधी. रेस्टचं काम एवढंच, बाण टेकवून धरायचा आणि बाण सुटला की पिसं येण्याआधी खाली पडून वाट मोकळी करायची. माझा रेस्ट ते चोख करतो. तरी खात्री हवी तर बाण टेकतो त्या रेस्टच्या दोन बोटांना लिपस्टिक लाव आणि मार बाण. पिसांवर रंग दिसणार नाही, मी सांगतो.

मामी विचारते, जेवतेस ना वेळेवर.

तुझा मामा

८ मार्च

ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नका. सहा बाण मारले, सहाच्या सहा बाणांच्या खालच्या पिसावर लाल रेघ आली. रेस्ट उचलणाऱ्या दोरीची लांबी दोनदा तपासली, रेस्ट वेळेवर पडतो. मग लागतो कसा? सरांनी विकतचा आणूनच ठेवला आहे. आठ दिवस उरले. काय करू ते स्पष्ट सांगा, मला भीती वाटते आहे.

भिंगरी

१० मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र मामीने वाचून दाखवलं. गेले चार महिने तीच वाचते आणि माझी उत्तरंही तीच लिहिते. अक्षर बदललेलं तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तू घाईत वाचतेस.

रेस्ट बोटाने उचल आणि सोड. दोनदा टक वाजलं तर तो पडून पुन्हा उसळतो आहे आणि पिसाला गाठतो आहे. म्हणजे मी शेजारच्या खणातली जाड स्प्रिंग घातली. मला तिच्यावरचा आकडा दिसला नाही. नजर अधू झाल्याचं बाजारात कळलं तर कोण घड्याळ दुरुस्तीला देईल, म्हणून कुणाला बोललो नाही, आणि तुझ्या मुठीवर ढकललं. मला लाज वाटते.

सोबत बारीक स्प्रिंग आहे. आकडा मामीने वाचला, ताण मी बोटांनी पाहिला. चौदापर्यंत मिळाली नाही, किंवा विश्वास उरला नसेल, तर विकतचा लाव. माझा मान राखायला ही शेवटची संधी घालवू नकोस.

मामा

१७ मार्च

ती. स्व. मामांना,
शि. सा. न. वि. वि.

मामी, हे सावकाश वाचा.

स्प्रिंग चौदाला दुपारी आली. बसवली, रेस्ट उचलून सोडला. एकच टक. तरी लिपस्टिक लावून बारा बाण मारले, पिसं कोरी. चाचणीत शेवटच्या बाणाला नऊ हवे होते. दहावर लागला. निवड झाली, मामा.

सरांनी रेस्ट हातात घेऊन विचारलं, कोणी केला. मी सांगितलं, माझ्या मामांनी. मग तुम्ही का बोलला नाहीत म्हणून घरी येऊन मी पोटभर रडले.

मंगळवारी अकरा वाजता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मी न्यायला येते. दुकानाला कुलूप लावून पायरीवर बसा, सबबी चालणार नाहीत. पुढचा रेस्ट मी करणार आहे, तुम्ही शेजारी बसून ऐकायचं.

माया आहे तशीच असू द्या,
तुमची भिंगरी