पोच नंबर

अब्बा, तुमचा कॉम्प्युटर सोमवारी सुरू झाला नाही.

बटण दाबलं, पंखा फिरला, पडद्यावर गोल गोल ठिपके आले आणि मग नुसता काळोख. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. समोर बाकावर एक बाई बसली होती. धडगावकडच्या एका पाड्यावरून पहाटेच्या जीपनं आलेली, तिथल्या अंगणवाडीत काम करणारी. शाळेत शिकलेलं स्वच्छ मराठी बोलत होती. म्हणाली, "ताई, माझ्या बापाचा वनहक्काचा दावा तुमच्या अब्बांनी टाइप केला होता. आमचा कागद पावसात गेला. गुरुवारी सुनावणी आहे. दावा कधी दिलाच नव्हता, असं कचेरीतले म्हणतात. पोच नंबर मिळाला तर रजिस्टरमध्ये शोधता येईल. बाप म्हणतो, तळोद्याला जा, त्या चाचांनी सांगितलं होतं, कागद माझ्याजवळ आहे."

हे वाक्य मी तुमच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय. "तुन्हा कागद मन्हाजोडे शे. घाबरू नको." डोंगरातल्या माणसाशीही तुम्ही अहिराणीतच बोलायचात आणि तो त्याच्या बोलीत उत्तर द्यायचा, आणि कसं कोण जाणे, दोघांनाही सगळं कळायचं. अर्ज टाइप झाला की तुम्ही तो मोठ्यानं वाचून दाखवायचात. माणूस घाईत असला, खाली बाजारात त्याची बायको खोळंबली असली, तरी तुम्ही शाईचा पॅड हाताखाली धरून ठेवायचात. "आयकी ले, मंग अंगठा लाव." अर्ज कचेरीत दिला की तो माणूस पोचेचा कागद घेऊन परत यायचा आणि तुम्ही त्यावरचा नंबर आपल्या प्रतीखाली टाइप करून ठेवायचात. त्याचा कागद भिजो, जळो, उंदीर खावोत, तुमच्याकडे नंबर असायचा. बाजाराच्या प्रत्येक दिवसाचं वेगळं फोल्डर.

त्या बाईला मी म्हटलं, "गुरुवारी सकाळी या, काढून ठेवते." ती निश्चिंत होऊन गेली आणि मी घाबरले. मशीन बंद पडलं म्हणून नाही, अब्बा. त्या फोल्डरांमध्ये मी सतरा वर्षांत एकदाही गेले नव्हते.

का, ते तुम्हाला माहीत नाही. मी नववीत होते. तुम्ही नमाजाला गेला होतात, दुकानात मी एकटी. खालाच्या मुलीच्या लग्नातली गाणी सीडीवरून कॉम्प्युटरमध्ये भरायची होती आणि तो जागा नाही म्हणत होता. मी एक फोल्डर निवडलं, शिफ्ट धरून डिलीट दाबलं. त्यानं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी न वाचताच 'येस' दाबलं. तुम्ही आल्यावर बाजाराचं नऊ अर्जांचं फोल्डर शोधायला लागलात. वर, खाली, पुन्हा वर. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "बेटा, लाइट गई थी क्या?" तेव्हा दिवसातून चारदा लाइट जायची. मी म्हटलं, "हाँ अब्बा."

तुम्ही मला रागावला नाहीत. वायरमनला दोन शिव्या घातल्यात. पुढचे तीन बाजार तुम्ही स्वतः एसटीनं धडगावला गेलात, बाजाराच्या तोंडाशी उभे राहिलात आणि आठवतील ते चेहरे शोधत राहिलात. पोचेचा कागद जवळ असलेले पाच जण सापडले. त्यांचे अर्ज तुम्ही पुन्हा टाइप केलेत. चार सापडले नाहीत. आणि त्या ईदला आपल्याकडे नवे कपडे आले नाहीत, दुकानात बॅटरी आली. लाइट गेली तरी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालावा म्हणून. "अब किसी का कागज नहीं जाएगा," तुम्ही अम्मीला म्हणालात, आणि ती मान हलवत हसली. लाइट गेली की ती बॅटरी टी-टी करून ओरडायची आणि मी उठून दुकानाबाहेर जायचे. आता ती मेलीय, पण टेबलाखालून हलवायचा मला धीर झालेला नाही.

तर सोमवारी मला कसली भीती वाटत होती, ते आता तुम्हाला कळेल. त्या बाईचा बाप पाचांत होता की चारांत, की त्या नवांतलाच नव्हता?

मंगळवारी शहाद्याहून दुरुस्तीवाला आला. त्यानं मशीन उघडलं, फुंकर मारली आणि म्हणाला, "फॉर्मॅट मारनं पडी, ताई. डाटा जाई." मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ती नवापूरला मुलांना कॉम्प्युटर शिकवते. ती म्हणाली, "विंडोज बिघडलंय गं, डिस्क नाही. विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं लिनक्स असतं, ते पेनड्राइव्हवर घे आणि त्यावरून मशीन चालू कर. डिस्कला हात लागत नाही. फक्त एक लक्षात ठेव, त्यात इन्स्टॉल लिहिलेलं असतं, ते दाबू नको." मी विचारलं, "चुकून दाबलं तर?" ती हसली. "तू चौदा वर्षांची आहेस का?"

मला हसू आलं नाही. तिनं लिनक्सच्या तीन प्रकारांची नावं सांगितली, उबुंटू, झोरिन आणि मिंट. तिन्ही नवख्या माणसाला झेपणारी. "एवढंच बघ, साधं सॉफ्टवेअर टाकायला काळ्या खिडकीत इंग्रजी हुकूम टाइप करावे लागू नयेत. दुकानातल्या फळीवरून डबा काढल्यासारखं ते टाकता आलं पाहिजे." दुकानातल्या लॅपटॉपवर मी दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. त्यावरून मी तीन पेनड्राइव्ह केले, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी चिकटवली आणि शटर अर्ध्यावर ओढलं. शेजारच्या भांडेवाल्या मावशीनं वाकून विचारलं, "काय करी ऱ्हायनी वं माय? दुकान बंद का बरं शे?" मी म्हटलं, "अब्बास्नी मशीन बघी ऱ्हायनू." ती आपल्या भांड्यांकडे परत गेली.

उबुंटूनं आधी स्पष्ट विचारलं, नुसतं बघायचं की टाकायचं. ते मला आवडलं, पण आपल्या मशीनला त्याचं ओझं झालं, एक खिडकी उघडायला चहा निवावा इतका वेळ. झोरिन तर हुबेहूब आपल्या जुन्या विंडोजसारखं दिसत होतं, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. ओळखीचं वाटलं की माझा हात न वाचता चालतो. तिसऱ्या पेनड्राइव्हवर मिंटची हलकी आवृत्ती होती. ती भराभर चालली. तिच्यात सॉफ्टवेअर मॅनेजर नावाची एक खिडकी, वर शोधायची पट्टी, खाली प्रत्येक वस्तूचं चित्र, माहिती, आणि एकच 'इन्स्टॉल' बटण. काळी खिडकी कुठेच नाही.

मला तुमची नंदुरबारची खरेदी आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. दुकानदार तुम्हाला मोठा चकचकीत टाइपरायटर दाखवतोय आणि तुम्ही त्याच्यावर बोटंसुद्धा ठेवत नाही. विचारताय, "याची रिबन इथे मिळते?" तो म्हणतो, मुंबईहून मागवून देईन. तुम्ही म्हणता, "मग तो जुना दाखवा." जे यंत्र अडलं तर आपलं आपल्याला सोडवता येईल, तेच घरी न्यायचं. मी मिंट ठेवलं. सगळ्यात चांगलं आहे म्हणून नाही. ज्याची रिबन इथे मिळते, ते ठेवलं.

पडद्यावर 'इन्स्टॉल'चं चित्र होतंच, डाव्या बाजूला, बोटभर. मी माउस त्याच्यापासून असा लांब ठेवत होते, जशी अम्मी आम्हाला विहिरीच्या काठापासून ठेवायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचली, अब्बा, एकटीच, अर्ध्या शटरमागे, तुम्ही अर्ज वाचायचात तशी. मग तुमची डिस्क दिसली. अर्ज. बाजार. तारखांमागे तारखा. फाइलींना तुम्ही इंग्रजी अक्षरांत पाड्याचं आणि माणसाचं नाव दिलेलं. तिच्या पाड्याच्या दोन फाइली होत्या. एकीवर तिच्या बापाचं नाव. मी उघडली.

आत मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, डॉलरच्या खुणा, पानभर. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. वाटलं, मी काहीतरी दाबलं. पुन्हा. पाटी वाचूनसुद्धा. नऊ जणांचे नाही, सगळ्यांचे कागद मी एका दुपारीत नासवले. बाकावर जाऊन बसले, आणि खरं सांगते, तुम्ही नाही आहात याचं त्या क्षणी मला बरं वाटलं.

जरा वेळानं उठून त्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मराठी अक्षरं शोधली. मिळाली, बटण दाबलं, मिनिटभरात आलीसुद्धा. फाइल पुन्हा उघडली. तोच कचरा. मी टायपिंगच्या दुकानात वाढलेली बाई, मला हे आधीच कळायला हवं होतं, पण भीतीपुढे अक्कल चालत नाही. तुम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचात. त्या काळात सगळेच करायचे. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर मराठीचा झगा तो फॉन्ट चढवतो. झगा नाही तर अक्षरं उघडी. नव्या फॉन्टचा इथे उपयोग नव्हता, तुमचाच हवा होता. आणि तो तुमच्या डिस्कवरच होता, विंडोजच्या फॉन्टांच्या फोल्डरमध्ये. त्याच्यावर दोनदा टिचकी मारली. पाटी आली, त्यात अक्षरांचा नमुना आणि कोपऱ्यात 'इन्स्टॉल'. हा शब्द बघून माझा हात थांबला. तीनदा वाचलं. हे फॉन्टचं होतं, डिस्कचं नव्हतं. दाबलं.

फाइल उघडली तर तुम्ही बोलायला लागलात. 'मी अर्जदार वरील ठिकाणी कायमचा रहिवासी असून माझे आजोबापासून सदर जमीन कसत आहे.' शेवटी, डाव्या कोपऱ्यात, पोच नंबर. मी रडले. पुसून पुन्हा वाचलं. मग फाइलीचा दिवस पाहिला. अर्जावरची तारीख मी पुसलेल्या फोल्डरातल्या बाजाराची, फाइल मात्र मी ते पुसल्यावर दोन आठवड्यांनी केलेली. म्हणजे तिचा बाप नवांतलाच होता, आणि पाचांतला. तुम्ही धडगावच्या बाजारात उभे राहिलात म्हणून वाचलेला.

सगळं दोन ठिकाणी उतरवून घेतलं. मग आज ना उद्या करायचंच म्हणून मिंट डिस्कवर टाकायला घेतलं. त्यानं विचारलं, सगळी डिस्क पुसू का? मी मोठ्यानं वाचलं, प्रती पुन्हा उघडून बघितल्या, परत येऊन पुन्हा वाचलं, आणि हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा वाचून हो म्हटलं. तरी ती पट्टी भरेपर्यंत मी उभीच होते.

आता त्याच मशीनवर, तुमच्याच फॉन्टमध्ये हे लिहितेय. दुसऱ्या कुठल्या मशीनवर उघडलं तर नुसता कचरा दिसेल. पाठवायचं कुणाला आहे म्हणा. छापणारही नाही.

गुरुवारी ती बाई वेळेवर आली. मी तिला अर्ज वाचून दाखवला, शेवटपर्यंत. नंबर तिनं हातावर पेनानं लिहून घेतला, शिवाय कागद ओढणीत गुंडाळला. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "चाचांनी शब्द पाळला." उठली, दारापर्यंत गेली आणि वळली. "ताई, त्याच बाजाराला माझ्या काकानंही अर्ज दिला होता. बापाच्या पाठोपाठच अंगठा लावलेला. काका ऊसतोडीला गुजरातेत गेला, परत आलाच नाही. काकू एकटीच कसते तो तुकडा. तिचाही बघता का?"

मी बघितलं होतं. तिच्या पाड्याच्या दोनच फाइली आहेत आणि दुसरी काकाची नाही. तरी तिच्यासमोर पुन्हा शोधल्याचं केलं. वर, खाली, पुन्हा वर. ती खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "बापाचा आहे, मग काकाचा कसा गेला?"

टेबलाखाली माझा पाय तुमच्या बॅटरीला लागला. मी म्हटलं, "तेव्हा लाइट फार जायची, ताई."