बैलांच्या भाषेतला एक शब्द

तांडा, पांढरकवड्याजवळ
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

प्रिय अनघा,

नकाशा मिळाला. काका-काकू बरे असतील. इकडे कापूस वेचायला आलाय, पण तीन दिवस कोणी शेतात गेलेलं नाही.

नकाशा झकास आहे, फक्त बैलांचा मीठमार्ग तू भर नदीतून नेलास. तुमच्या घरात कोणी कधी बैल हाकला नाही हे लगेच कळतं. जनावरं बोलतात, बाजार भरवतात, तह करतात अशा आपल्या पुस्तकातल्या देशाचा इतिहास तुझा आणि भाषा माझ्या, असं हॉस्टेलमध्ये ठरलं होतं. म्हणून भाषांचं सांगते. शेळ्यांच्या भाषेत भूतकाळ ठेवला नाही, त्यांना कालचं काही आठवतच नाही. कुत्र्यांना हायवेवरच्या ढाब्याची हिंदी दिली. बैलांना आम्हा बंजाऱ्यांची गोरबोली, कारण माझ्या पणज्याचं मीठ त्यांनीच वाहिलं.

पट्टेवाल्यांचं प्रकरण राहिलंय. तू तीनदा विचारलंस, मी तीनदा टाळलं. त्यांच्या नावाचं रेकॉर्डिंग सोमवारी पाठवलं, पण पुढचं सांगणं आजही टाळणार होते.

बैल त्या पिवळ्या पट्टेवाल्यांना काय म्हणतात, तो शब्द तुला उच्चारासकट हवा होता. आमच्या घरात रानात निघताना ते नाव कोणी घेत नाही. घेतलं तर तो ऐकतो, म्हणतात. तुझ्या इतिहासातल्या तहात ते कलम मीच घालायला लावलं होतं: जो नाव घेईल, त्याच्या भेटीला पट्टेवाला येईल. किती मजा वाटली होती तेव्हा.

सोमवारी सकाळी माझा बा, किसनसिंग, गुरं घेऊन निघाला होता. मी रेकॉर्डिंग चालू करून फोन त्याच्या तोंडासमोर धरला.

"रानात जाताना त्याचं नाव कायले घ्याले लावतं माय?" तो म्हणाला.

मी हसले. पुस्तकासाठी आहे म्हटलं, हट्टच धरला. त्याने माझ्यासाठी तीनदा नाव घेतलं.

चारच्या सुमारास गुरं एकटीच परत आली. एका गाईच्या मानेवर ओरखडे होते. तेव्हापासून वनखात्याची माणसं आणि आमचे लोक रान धुंडाळतायत. काल नाल्याजवळ बाची एक चप्पल सापडली. रक्त नव्हतं, असं माझा भाऊ लखन सांगतो. मी त्याच्याकडे न बघता ऐकून घेतलं.

मी शिकलेली आहे, अनघा. नाव घेतल्याने कोणी येत नाही, हे मला कळतं. तरी या पत्रातही मी तो शब्द लिहिलेला नाही, बघ.

माझी आई, माझी याडी लालीबाई, सारखं एकच विचारते. "निंगताना काय बोलला थो?" मी म्हणते, काही नाही. वनखात्याचा फोन येईल म्हणून माझा मोबाईल तिच्याच मुठीत असतो. तिच्या कानावर पडू नये म्हणून मी ते रेकॉर्डिंग आधीच पुसून टाकलं. मग लक्षात आलं, बाचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही. फक्त तुला पाठवलेला तेवढा आहे.

लखन वनखात्याच्या साहेबांना भेटायला तुझ्याकडे यवतमाळला येतोय, त्याच्याजवळ हे पत्र देते. तहातलं ते कलम खोडून टाक. रेकॉर्डिंगमधून ते नाव तिन्ही वेळा काप आणि उरलेलं लखनच्या मोबाईलवर दे. याडीला ऐकवेन. माझा हट्ट तिला कसा सांगायचा, ते अजून मला कळत नाही.

शेवटी काठी उचलताना बा म्हणतो, "येतो माय." तेवढं मात्र कापू नकोस.

अजून त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझी उज्ज्वला