रविवारी आपण जाऊन यावे

४ नोव्हेंबर, सोमवार

पुरवणीचं लचांड माझ्या गळ्यात! संपादक म्हणाले, "कोर्टाच्या बातम्या देऊन देऊन तुझा चेहरा समन्ससारखा झालाय. रविवारी डोंगरावर जा. एका दिवसाची सहल — तळं, धुकं, चहा कुठे चांगला मिळतो, असलं काहीतरी लिही. आणि वहिनींना घेऊन जा. वाचकांना जोडपी आवडतात."

वहिनी उन्हाळ्यापासून बहिणीकडे राहतात, हे मी कचेरीत कोणाला सांगितलेलं नाही. बातमीदाराच्या घरची बातमी बाहेर फुटली नाही — हीच काय ती माझी कर्तबगारी.

संध्याकाळी तिला मेसेज केला: "रविवारी डोंगरावर जायचं आहे, पुरवणीसाठी. काय म्हणतेस?" कर्ता मुद्दाम गाळला. भित्र्या माणसाला व्याकरण फार उपयोगी पडतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

उत्तर आलं! "रविवारी आपण जाऊन यावे. हवा छान आहे."

आपण!! "आम्ही" म्हटलं की समोरचा उंबऱ्याबाहेर. "आपण" म्हटलं की तो आत. संस्कृतात द्विवचन आहे खरं, पण ते बापडं नुसतं मोजतं — दोन बैल, दोन डोळे, दोन नवराबायको. "आपण" मोजत बसत नाही, हात धरून ओढून घेतं. थेट "आत्मन्"पासून आलेला शब्द, उगाच नाही!

"यावं" न लिहिता "यावे" लिहिलंय, ते जरा कडक वाटलं. पण ती शाळेत गणित शिकवते. वाक्याला इस्त्री केल्याशिवाय बाहेर पाठवत नाही.

दाढी करताना शीळ घालत होतो. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून विचारलं, "काय हो, बढती?"

६ नोव्हेंबर, बुधवार

नवा स्वेटर घेतला. पोट आत घेतलं की बरा दिसतो. रविवारी दिवसभर घ्यावं लागेल.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

कचेरीतल्या फोटोग्राफरला बेत विचारून घेतला. त्याचं अर्धं आयुष्य त्या घाटात गेलंय. म्हणाला, "पहिली बस पकडा. तळ्यावर ऊन चढलं की फोटोत नुसत्या टोप्या येतात." मग माझ्याकडे बघत, "स्वेटर आजच घातलात? उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!" घातला होता खरा.

पुढच्या दोन जागा काढल्या. वळणांवर तिला मळमळतं, म्हणून खिडकी तिची. रोप-वेत मात्र भीती माझी. मी डोळे गच्च मिटणार, ती हसणार. तिचं ते हसू ऐकून किती दिवस झाले — त्यासाठी पाळण्यात लोंबकळायची तयारी आहे.

वर गेल्यावर काय बोलायचं तेही ठरलंय. तळ्याची फेरी होईपर्यंत काही नाही. मग बाकावर बसून, "घरी चल." प्रस्तावना नाही, भाष्य नाही. पतिपत्नी हा द्वंद्व समास. विग्रह कोणीही करील. परत जोडायचा कसा, हे मला एकाही गुरुजींनी शिकवलं नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

बसची वेळ सांगायला तिला फोन केला. खिडकीचंही सांगितलं. 

मग — "अरे, 'आपण' म्हणजे तू. म्हणजे... तुम्ही. तुम्ही जाऊन या, असं लिहिलं होतं मी."

"तू मला कधीपासून 'आपण' म्हणायला लागलीस?"

"सवय करून घेतेय."

मी हसलो. खरंच हसलो! आदरार्थी! जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या, आणि स्वतःला आलेलं दोन ओळींचं पत्र वाचता आलं नाही. कॉलेजापासून "तू". भांडणात "गाढवा". गाढवात निदान माया होती.

"पण तू जाशील ना उद्या?" तिनं विचारलं. म्हटलं, जाईन. "नक्की? संध्याकाळपर्यंत?" म्हटलं, हो, नक्की.

एवढी काळजी तरी आहे. हेही नसे थोडके.

१० नोव्हेंबर, रविवार

स्टँडपर्यंत गेलो. बसमध्ये चढवेना. वाहकानं विचारलं, "साहेब, दुसरं माणूस यायचंय का?" म्हटलं, "सोडा तुम्ही गाडी."

पायीच घरी आलो. दार नुसतं लोटलेलं. आत ती. कपाट सताड उघडं, पलंगावर तिच्या साड्यांचे ढीग. मला बघून दचकली.

"तू गेला नाहीस? तू नसताना नेलं, तर दोघांनाही सोपं जाईल, असं वाटलं मला..."

मोठ्या बॅगेची चेन लागत नव्हती. मी वर गुडघा टेकून दाबून धरली. तिनं ओढली.