‘घरची भाषा’चा रकाना

१२ मे, सोम.
इथे जपानात, ग्योतोकुच्या शाळेत जपानी-मदतवर्गावर माझा बाईतो, म्हणजे अर्धवेळ नोकरी, सुरू. आज नवी मुलगी, अमा. पाचवी. आईवडील घानाचे, वर्णाने काळी. मी आपली सावकाश इंग्रजीत, "व्हॉट इज युअर नेम?" ती खाडखाड जपानीत, "सेन्सेई, मी इथलीच. जन्मसुद्धा इथलाच." वर माझ्या जपानीतली चूक सुधारली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मीही तोंड बघूनच ठरवलं ना!

१४ मे, बुध.
तिसऱ्या तासाला वर्गात जपानीचा धडा, तेव्हाच अमाला माझ्याकडे धाडतात, पहिलीची अक्षरं गिरवायला. चाचणीत मागे पडली की म्हणायला मोकळे, हिला भाषा येत नाही. रिले शर्यतीत मात्र न विचारता नाव, काळी म्हणजे पळणारच! आणि माझ्याकडे का धाडतात, तर आईने शाळेच्या फॉर्मवर ‘घरची भाषा’ इंग्रजी लिहिली. खरं तेच लिहिलं बिचारीने.
आणि आम्ही? माझा ईशान तिच्याच वर्गात. त्याच्या फॉर्मवर ‘जपानी’ ठोकून दिलं. "खरं लिहू नका हं, पोराला वर्गातून काढतात," इथल्या मराठी बायकांचा सल्ला. घरात भांडतो मराठीत! त्याची जपानी अमाच्या निम्मीही नाही, पण बसलाय वर्गात आरामात.

५ जून, गुरु.
उपमुख्याध्यापकांना गाठलंच. त्यांच्यासमोर अमाला वर्तमानपत्र दिलं. घडाघडा वाचलं, अर्थही सांगितला. अस्सा अभिमान वाटला पोरीचा!
सर म्हणे, "पण फॉर्मवर इंग्रजी आहे."
राहवलं नाही. "माझ्या मुलाच्या फॉर्मवरचं जपानी खोटं आहे, सर. त्याला नाही कोणी काढलं."
सरांनी फाइल मिटली. "विचार करू." इथे ह्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’च.
घरी मंदार भडकला. "स्वतःच्या पोराच्या पायावर धोंडा?" जेवताना मात्र हळूच, "मला नसतं जमलं." नवऱ्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

८ जून, रवि.
शाळेचा निरोप नाही. ईशानला सगळं सांगितलं. दप्तर भरता भरता म्हणाला, "अमाच्या शेजारी बसीन मग." छातीच फुगली माझी.
उद्या तिसऱ्या तासाला माझ्या मदतवर्गाच्या दारात कोण येतंय, अमा, ईशान, का दोघंही? देवा, कोणीच नको येऊ दे. पण माझाच पोरगा आला, तरी मान खाली घालणार नाही मी.