समीरची जन्मवेळ

मांजर्ली, बदलापूर

प्रिय किर्ती,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटलं नाही म्हणून आधी खालची सही बघितली असशील. हो, मीच, समीरची आई. फोन केला असता, पण "हो काकू, बरोबर आहे काकू" म्हणत तू मला दोन मिनिटांत वाटेला लावलं असतंस. पत्राला मध्येच तोडता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मी लिहितेय हे समीरला ठाऊक नाही. तो सध्या एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून घरात फिरतो आणि विचारलं की "काही नाही" म्हणतो.

तुझा निरोप मात्र त्यानं मला दाखवला. "तुझ्या घरचे उजवे, आमचं घर डावं. हे जुळायचं नाही. साखरपुड्याची तारीख नको धरूस." वाचून मला राग आला, खोटं कशाला सांगू? मग तुम्ही सगळे आमच्याकडे पहिल्यांदा आलात तो दिवस आठवला आणि राग ओसरला, कारण सुरुवात आमच्याच घरातून झाली होती. मी मटारच्या करंज्या तळत होते, बाहेर टीव्हीवर कुठल्याशा संपाची बातमी लागली आणि समीरच्या बाबांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "युनियनवाल्यांनीच अंबरनाथचे कारखाने बुडवले." आणि समोर कोण बसलेलं? उभा जन्म कारखान्याच्या गेटवर लाल झेंडा धरलेले तुझे वडील! नाथाभाऊ बिचारे हातातल्या करंजीकडे बघत राहिले. तुझी आई कौसाबाई पदराशी चाळा करत बसल्या. तू मात्र गप्प राहिली नाहीस. कुठल्या मालकानं यंत्रं परस्पर हलवली, कुठल्या गेटला न सांगता टाळं लागलं, सगळं धडाधड सांगितलंस. तेव्हाच तू मला आवडलीस. पण शेवटी म्हणालीस, "तुम्ही उजवे लोक असेच." हे म्हणाले, "आणि तुम्ही डावे तसेच." त्यानंतर कुणी कुणाचं ऐकलं नाही. करंज्या दुसऱ्या दिवशी मी आणि समीरनं खाल्ल्या.

समीरचे बाबा त्या दिवशी बोलले ते चूकच होतं. मी त्यांना तसं तोंडावर सांगितलंय. पस्तीस वर्षं संसार केलाय, त्यांच्या बोलण्यातलं काय चुकतं हे मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण तुझ्या त्या एका शब्दात ते सगळेच्या सगळे मावतात का, हे मी गेले कित्येक दिवस ताडून बघतेय आणि काही केल्या मावत नाहीत. कारखान्यात अधिकारी होते, संपाच्या नावानं अजून कपाळाला आठ्या घालतात. आणि सरकारी दवाखाना खासगी माणसाला चालवायला द्यायचं घाटत होतं, तेव्हा नगरपालिकेच्या दारात पहिले जाऊन उभे राहिले तेही हेच. रोज सकाळी तासभर देवपूजा करतात, पण घरात पत्रिका हा शब्द उच्चारू देत नाहीत. त्याला कारण त्यांची धाकटी बहीण वेणू. तिला मंगळ होता. एकामागून एक स्थळं परत गेली. चांगली हसरी मुलगी, पुढे पाहुणे यायचे म्हटलं की ताप यायचा तिला. शेवटी यांनी तिची पत्रिका चुलीत घातली आणि सांगितलं, या घरातून यापुढे कुणाची जन्मवेळ बाहेर जाणार नाही. वेणूनं लग्न केलं नाही ते नाहीच. अशा माणसाला तू कुठल्या बाजूला बसवशील?

आता तुझ्या घरची बातमी, जी तुला नक्की ठाऊक नसणार. तुझा निरोप आल्यानंतरच्या रविवारी नाथाभाऊ एकटेच बुवापाड्याहून आमच्याकडे आले. मला वाटलं भांडायला आले. तर दारातच म्हणाले, "वहिनी, पोरं आज रुसतील, उद्या बोलतील. मला फक्त समीरची जन्मवेळ पायजे. गुरुजींना दाखवून घेतो, म्हंजे माझी झोप तरी लागंल." यांचा चेहरा बघायला हवा होतास! "अहो, तुम्ही लाल झेंडेवाले ना? आणि पत्रिका?" त्यावर नाथाभाऊ काय म्हणाले, ते मी विसरणार नाही. "साहेब, झेंडा गेटवर. पोरीचा विषय निघाला की काळीज हलतं. तिथं कुठला पक्ष कामाला येत नाही."

वेळ काही यांनी दिली नाही. पण दोघं वाद घालायला बसले आणि जेवायची वेळ झाली तरी उठले नाहीत. नदीकाठी बिल्डरनं भराव टाकलाय, त्यावर तर जोरात जुंपली. तुझे वडील म्हणत होते, टॉवर होऊ द्या, आमच्या पोरांना काम मिळंल. हे म्हणत होते, तो भराव उपसून फेका, पावसाळ्यात उल्हास नदी आमच्या जिन्यात येते. कामगारांचा पुढारी बिल्डरच्या बाजूनं आणि कारखान्याचा साहेब त्याच्या विरुद्ध. मी भात वाढता वाढता दोघांकडे बघत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. शेवटी दोघं चपला घालून भराव बघायला गेले. तेव्हापासून नाथाभाऊ दर रविवारी येतात. मागच्या खेपेला म्हणाले, "काम पायजेच, पण पूर येणार असंल तर जागा दुसरी बघा." हेही परवा, अगदी हळू आवाजात, म्हणाले, "टाळं लागलेल्या एका गेटबाबत किर्तीचं बरोबर होतं, मला आतलं माहीत होतं." ते तुला स्वतःहून सांगतील अशी आशा धरू नकोस. पण म्हणाले खरं.

मला कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. देवळात जावं असं मला वाटतं, आणि बाईनं महिन्याचे तीसही दिवस जावं. दवाखाना सरकारी असावा, आणि भाजीवाल्यांनी फुटपाथ मोकळा सोडावा, पण त्यांना दुसरी जागा दिल्याशिवाय हलवू नये. मत कुणाला देते हे यांना अजून कळलेलं नाही, आणि आपल्याला कळलंय अशा समजुतीत ते सुखी आहेत. सांग बघू, मी कुठली? राग मानू नकोस किर्ती, पण तू पत्रिका मानत नाहीस आणि आमच्या घराची मात्र पत्रिकाच मांडलीस. सगळं मानून घे, असं मी म्हणत नाही. भांड. मीही तुझ्या बाजूनं भांडेन. पण ते जे बोलतील त्याच्याशी भांड, नुसत्या नावाशी नको.

आता हे पत्र का लिहायला घेतलं ते सांगते. मागच्या रविवारी नाथाभाऊ निघाले, तेव्हा यांनी त्यांना थांबवलं आणि म्हणाले, "घ्या लिहून. दिवेलागणीची वेळ." वेणूसाठी इतकी वर्षं पाळलेला शब्द त्यांनी एका बापाची झोप लागावी म्हणून मोडला. मी चहा ओतत होते, मनात म्हटलं, ही वेळ तर चुकीची. कारण समीर झाला तो पहाटे. पहिलं बाळंतपण माझ्या माहेरी, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये. शेजारच्या सिंधी दुकानदारांनी कारखान्यात फोन लावला, तो लागता लागता संध्याकाळ झाली. यांना मुलगा झाल्याचं कळलं ती दिवेलागण, आणि तीच त्याची जन्मवेळ असं ते आजवर मनापासून धरून चाललेत. मी तोंड उघडलं नाही. गुरुजींनी सांगितलं, पत्रिका उत्तम जुळते, आणि नाथाभाऊ आता शांत झोपतात. तुझंही तसंच झालंय गं. आमचं घर तुला ज्या संध्याकाळी कळलं, तीच तू त्याची जन्मवेळ धरलीस. पण ते त्याच्या कितीतरी आधीपासून आहे, वेणूच्या तापापासून आहे. लग्नाचं हो म्हण किंवा नको म्हण, तो तुमच्या दोघांचा प्रश्न. पण या रविवारी नाथाभाऊंबरोबर ये आणि आमची पत्रिका पुन्हा मांड. मटारच्या करंज्या पुन्हा तळतेय. समीरची खरी वेळ मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, ती तुला सांगितली. आता ती आपल्या दोघींतच ठेवू.

तुझीच, सासू होवो वा न होवो,
उमाकाकू